आपल्या माणसांची क्रूझ

९ नोव्हेंबर. सकाळी ६.४०
नवी डायरी. वर्ष संपायला आलं असताना नवी डायरी कशाला, असं सौ.ने विचारलं. मोठी कामं एक जानेवारीची वाट बघत नसतात, हे पुष्पलताला समजावण्यात अर्थ नाही. लिहून ठेवतो: कालपासून मी क्रूझ कन्सल्टंट.

काल धर्मेंद्र घरी आला होता. कटंगी-तुमसर लाईनवर ह्याच्या चार बसेस धावतात. शिक्षण बारावी, तीही दुसऱ्या झटक्यात. धरणाच्या काठावर एक अर्धवट जहाज तीन वर्षं गंजत पडलं आहे, ते ह्याने लिलावात उचललं. बाहेरची कोणती तरी कंपनी वाघ बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी ते बांधत होती. आठ केबिन, एक बार, जमिनीला बोल्ट मारलेल्या खुर्च्या आणि वरच्या मजल्यावर उघड्यावर आंघोळीचा टब. परदेशी आले नाहीत, कंपनी गेली. आता तेच जहाज आपल्या लोकांसाठी करायचं आहे. त्यासाठी डोकं लागतं, म्हणून आला माझ्याकडे. चौतीस वर्षं सिंचन खात्यात उपयंत्री, म्हणजे सब-इंजिनिअर होतो. पाणी मला कोणी शिकवू नये.

जाताना त्याने तीनदा विचारलं, "काकाजी, धरणाची एन.ओ.सी. तुमच्या ऑफिसातून निघेल ना?" किरकोळ कागदांची ह्याला भारी काळजी. निघेल म्हटलं.

१० नोव्हेंबर
जहाज पाहिलं. आकार बरा आहे, बाकी मूर्खपणा. प्रत्येक केबिनला वेगळी खिडकी, वेगळा आरसा. ह्या कंपन्या बुडतात त्यात नवल नाही.

लोखंडकाम तेजरामकडे दिलं आहे. हा माझा साडू, भरवेलीला ह्याचं वेल्डिंगचं दुकान. कंपनीच्या वेळी पण हाच होता. धर्मेंद्रने मला न विचारता ठरवलं. चालायचंच.

सौ.पण आली होती, बहिणीला भेटायचं निमित्त करून. तेजरामची बायको पौर्णिमा तिची धाकटी बहीण. दोघी सगळ्या केबिनी बघत फिरल्या. सौ. चार नंबरच्या केबिनमध्ये फळीवर बसली ती उठेचना. खिडकी थेट पाण्यावर उघडते. मग म्हणाली, "एक रात इथं राहू आपण." लग्नाला अडतीस वर्षं झाली, आपण कुठं गेलोच नाही, वगैरे. हे खोटं आहे. आम्ही रामटेकला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो, कारण दुसऱ्या दिवशी कॅनॉलचं इन्स्पेक्शन होतं.

तरी मी शब्द दिला. पहिल्या फेरीला चार नंबर आपली. मी शब्द देतो तेव्हा तो पक्का असतो. घरी परतताना ती बसमध्ये गुणगुणत होती.

१५ नोव्हेंबर
मार्केट स्टडी पूर्ण. वेळ लागला एक सकाळ. धर्मेंद्र म्हणत होता की तुमसर, परसवाडा, कटंगीच्या बाजारात जाऊन चार लोकांना विचारू. लोकांना काय विचारायचं? लोकांना मी ओळखतो.

आपला माणूस प्रवासाला निघाला की घरून पोतंभर खायला आणतो. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवतो आणि स्वतः खाली बसतो. एका खोलीत दोघं झोपा म्हटलं तर नऊ जण झोपतात आणि दहावा दारात बसून विडी ओढतो. जिथे भिंत दिसली तिथे थुंकतो. अशा लोकांना केबिन कशाला? भिंती काढल्या की थुंकण्याचा प्रश्न अर्धा सुटतो.

पॉलिसी: खाली मोकळा हॉल. सतरंज्या. पंगत. बस.

१६ नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे पोहणे शिकणार. गांगुलपाऱ्याच्या तलावावर.

१७ नोव्हेंबर
थंडी फार आहे. पोहणे हे शरीराचं काम, माझं काम बुद्धीचं.

२२ नोव्हेंबर
तेजरामने आडकाठी घातली. केबिनी काढतो म्हणाला, पण खुर्च्या राहू द्या. बोल्ट शोभेसाठी नाहीत, पाण्यावर माणूस एका जागी बसून राहिला पाहिजे, म्हणून कंपनीच्या इंजिनिअरने मारले होते म्हणे. आता भरवेलीचा वेल्डर मला बोटीचा तोल शिकवणार. मी त्याला विचारलं, तू किती धरणं बांधलीस? तो म्हणाला, एकही नाही. मग मी म्हणालो, झालं तर. त्याने मला, तुम्ही किती बांधलीत, असं विचारलं नाही. माणूस साधा आहे.

खुर्च्या काढल्या.

३ डिसेंबर
आज केबिनी निघाल्या. भिंतींचे पत्रे, आरसे, खिडक्या सगळं भंगारात घाला, अशी ऑर्डर दिली. तेजरामने खडूने प्रत्येक पत्र्यावर नंबर टाकून ते आपल्या टेम्पोत भरले. विचारलं तर म्हणाला, "राहू द्या ना साडभाऊ, जागा आहे माह्याकडं." ह्या लोकांचा जीव भंगारातच.

चार नंबर पण गेली. पॉलिसी सगळ्यांना सारखी असते, घरच्यांना सूट दिली की अधिकारी संपला. सौ.ला सांगितलं, एका खोलीऐवजी आता पूर्ण हॉल तुझा आहे. काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे पटलं. जेवायला कारल्याची भाजी होती.

६ डिसेंबर
स्वयंपाकघर आधी मागच्या डाव्या कोपऱ्यात होतं. ते हलवून आग्नेयेला घेतलं. आपल्या लोकांना वास्तू लागते. परदेशी माणूस कुठेही शिजवलेलं खातो.

धर्मेंद्रने विचारलं, "काकाजी, बोट फिरली की आग्नेय पण फिरेल ना?" बस चालवणाऱ्याची अक्कल. दिशा जहाज बांधताना बघायची असते, चालवताना नाही.

११ डिसेंबर
एन.ओ.सी.साठी ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर आता राकेश बसतो. हा माझ्या हाताखाली लागला तेव्हा ह्याला लेव्हल मशीन उलटं की सुलटं कळत नव्हतं, हे मी सगळ्या स्टाफसमोर वेळोवेळी सांगत असे, त्याच्याच भल्यासाठी. आज त्याने मला बाहेर स्टुलावर दोन तास बसवलं. कामात असेल. मग शिपायाकरवी निरोप आला की सोमवारी या. गुरूला भेटायचा संकोच वाटतो काही लोकांना.

१५ डिसेंबर
सोमवार. गेलो. राकेश दौऱ्यावर. गाडी मात्र ऑफिससमोर उभी होती.

१६ डिसेंबर
धर्मेंद्रने राकेशला फोन केला आणि एन.ओ.सी. दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर आली. मी दोन फेऱ्या मारून जी जमीन तयार केली होती, तिच्यावर ह्याने पीक काढलं. असो. आता मी निव्वळ डिझाईनकडे लक्ष देऊ शकेन.

धर्मेंद्र हल्ली माझे फोन उचलत नाही. फार बिझी झाला आहे.

१८ डिसेंबर
पाट्या लागल्या. एकूण बत्तीस. थुंकू नये. चपला रांगेत ठेवाव्यात. रेलिंगवर कपडे वाळत घालू नयेत. नळ बंद करावा. पाण्यात हात घालू नये. मगरीला खाऊ घालू नये. तेजराम म्हणाला, इथे मगर नाही. पाटी वाचून लोक शिस्तीत राहतात, मगर असो वा नसो.

२० डिसेंबर. ट्रायल
साठ माणसं फुकटात बोलावली होती. कटंगी, परसवाडा, तुमसरकडची शेतकरी कुटुंबं. अपेक्षेप्रमाणे पोती घेऊनच आली. मी पूर्ण वेळ डेकवर होतो. बसून होतो, खांबाला धरून, कारण उभ्याने निरीक्षण नीट होत नाही. दोनदा रेलिंगवरून खाली वाकावं लागलं. पोहे शिळे असावेत.

मध्यभागी बोट थांबवून पंगत घातली. डावीकडे पंधरा, उजवीकडे पंधरा. दोन्ही बाजूंना सारखे, मी स्वतः मोजले. वाढायला डावीकडून सुरुवात केली. आता आपल्याकडची रीत अशी की दुसऱ्या पंगतीचा माणूस जागा धरायला पहिल्या पंगतीच्या पाठीशी जाऊन उभा राहतो. डावीकडचे आधी उठणार हे उरलेल्या तीसही जणांनी बरोबर ओळखलं आणि सगळे डावीकडे उभे राहिले. जहाज कललं. वरणाची बादली घसरत गेली, तिच्या मागे वांग्या-आलूची भाजी. काय झालं ते बघायला उजवीकडचे पंधरा पण हातातला घास घेऊन डावीकडे आले.

तेजरामने आणि त्याच्या दोन माणसांनी लोकांना अक्षरशः ढकलून उजवीकडे नेलं तेव्हा बोट सरळ झाली. कोणाला लागलं नाही. साड्या खराब झाल्या. एकाच बाजूला गर्दी करू नये, ही पाटी लावायची राहून गेली, एवढीच चूक.

शिवाय परतताना स्वयंपाकघर वायव्येला गेलं. फिरवताना मला विचारलं नव्हतं.

सौ. ओल्या साडीने पौर्णिमाजवळ उभी होती. दोघी काही बोलत होत्या, मी जवळ गेलो तेव्हा पदर पिळत पलीकडे गेल्या.

२१ डिसेंबर
काल उतरल्यावर काठावर धर्मेंद्रने सगळ्यांना विचारलं की कसं वाटलं. हे मी करू नको म्हटलं होतं. परसवाड्याचा महागू नावाचा एक म्हातारा, डोक्याला फडकं, बोटभर दाढी. त्याच्यासारख्यासाठीच मी हा हॉल केला. तो उठला आणि म्हणाला, "सतरंजी तं आमच्या घरी पण आहे ना जी. गोऱ्या लोकायसाठी केलतं म्हणे, ते दाखवा. आमी ते पाहाले आलो."

सगळे हौ हौ करू लागले. बाया विचारू लागल्या की खोल्या कुठे आहेत, टब कुठे आहे. एका बाईला आरसा बघायचा होता. लायकी नसताना माणूस काय काय मागतो ते पहा.

धर्मेंद्रने तिथल्या तिथे जाहीर केलं की सगळं होतं तसं परत लावायचं. तेजराम म्हणाला, पत्रे आहेत, नंबर टाकून ठेवलेत, पंधरा दिवस द्या. मी म्हणालो, मी हे सुचवणारच होतो. कोणी ऐकलं नाही, वारं होतं.

२८ डिसेंबर
धर्मेंद्रला पत्र लिहिलं, चार पानी. सल्लागाराची पोस्ट काय राहील ते स्पष्ट करावं.

६ जानेवारी
उत्तर नाही. पोस्ट आजकाल बेभरवशाची. पत्र मी हातानेच दिलं होतं तरी.

१२ जानेवारी
तेजराम दिवसरात्र कामावर आहे. सौ. त्याला डबा पाठवते. मला म्हणाली, चार नंबरची खिडकी आता जास्त सोपी उघडते, कडी बदलली. तिला कसं माहीत? ती बसने जाऊन आली म्हणे, पौर्णिमासोबत, दोनदा. मला सांगितलं नाही. मी विचारलं काहून नाही सांगितलं, तर म्हणाली, तुम्ही विचारलं नाही.

बघू. पहिली फेरी अठराला, रात्रीच्या मुक्कामाची. माझा शब्द आहे तिला. केबिन परत लागली म्हणजे शब्द पण परत लागला. तिला निराश करणार नाही. बॅग काढून ठेवली, स्वेटर, मफलर, बी.पी.ची गोळी.

१६ जानेवारी
धर्मेंद्रचा फोन आला, स्वतःहून. अठराला काठावर जबाबदार माणूस लागेल, गाड्या लावून घ्यायला आणि चपला सांभाळायला. शोअर मॅनेजर म्हणता येईल. मी सांगितलं, मी तर जहाजावर असणार, चार नंबरला. तो म्हणाला, काकाजी, सगळं फुल आहे, एकदा घरी विचारून घ्या. माझंच घर मी काय विचारायचं.

१८ जानेवारी. दुपारी ३
धरणावर. आठही केबिनी भरल्या. महागू नवा सदरा घालून आला आहे, बायकोला बोटीवर हात देऊन चढवलं. कोणी पोतं आणलं नाही. कोणी थुंकलं नाही. माझ्या बत्तीस पाट्यांचा परिणाम, जरी पाट्या काढून टाकल्या असल्या तरी.

मी बॅग घेऊन चढायला लागलो, तर सौ. चार नंबरच्या दारात उभी. निळं लुगडं, ओठांवर हसू, असं मी तिला फार दिवसांनी पाहिलं. मागे पौर्णिमा पलंगावर चादर घालत होती. मी म्हणालो, शब्द दिला होता ना, आलो. ती हळूच म्हणाली, भांडणासारखं नाही, "तुमी तं ते तोडलं ना जी. हे तेजरामनं मले पुन्हा बसवून देलं. दोनच पलंग आहेत. मी अन् पौर्णिमा."

मी म्हणालो, मी खाली सतरंजीवर झोपेन. ती म्हणाली, सतरंज्या सगळ्या काढल्या.

मग तिने माझ्या बॅगेतून मफलर काढला, माझ्या गळ्याला गुंडाळला, आणि उतरा म्हणाली, बोट सुटायची वेळ झाली.

१८ जानेवारी. संध्याकाळी ६.२०
गाड्या लावून घेतल्या. शेवटची बस धरून घरी आलो.

जहाज सरळ गेलं, काही कललं नाही. चार नंबरची खिडकी उघडी होती. सौ. पाण्याकडे बघत होती, काठाकडे नाही. मी हात केला होता. बरेच लोक हात करत होते, तिला दिसला नसेल.

चहा करायला गेलो. पातेलं सापडलं, साखर सापडली नाही. कुठे ठेवते ते अडतीस वर्षांत विचारलं नाही. बिनसाखरेचा प्यायलो. संकल्प वगैरे आज काही नाही.

मला पण जायचं होतं.