राखेतला फण

आप्पा, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा जोडला की राखेत का पुरायचा, एवढं सांगायला तुमचं काय जात होतं? बारा वर्षं तुमच्या हाताखाली काढली मी. सासर सोडून माहेरी आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भाता फिरवला, पाटे धरले, ठिणग्यांनी लुगड्याला भोकं पाडून घेतली. विचारलं की एकच, "पुरायचा म्हंजी पुरायचा." आणि परवा एका मशीन विकायला आलेल्या माणसानं ते चहा पिता पिता सांगून टाकलं. परक्या माणसानं. राग आहे मला त्याचा.

सीओटू गॅसचं वेल्डिंग मशीन घेऊन आला होता. रॉड बदलायला नको, तार आपोआप पुढं येते, वरची खपली ठोकत बसायला नको, काम निम्म्या वेळात. मला असलंच आवडतं, तुम्हाला माहीत आहे. चालवून बघितलं. पण आपली शेड तिन्ही बाजूंनी उघडी. वारा आला की गॅस उडतो आणि वेल्डिंगला बारीक भोकांची जाळी पडते. "ताई, पडदे लावा," म्हणाला. मी म्हटलं, "पडद्याचं ऱ्हाऊ द्या. ट्रकच्या पाट्याचा कल्टिव्हेटरचा फण करायचाय, साधं लोखंड न्हाई. त्याला काय चांगलं, तार का रॉड?" तर म्हणाला, काहीही मारा, पाटा आधी तापवायचा आणि नंतर सावकाश निवू द्यायचा. घाईनं गार केला तर काचेसारखा होतो. दिसतो चांगला, जोर आला की तुटतो. मी कपबशी तशीच खाली ठेवली. मशीन नको म्हणून त्याला घालवून दिलं.

आता लाईट गेलीय, चार तास यायची नाही, म्हणून हे लिहितेय. चौथीतली अक्षरं आहेत, समजून घ्या. आई जाऊनही चार वर्षं झाली. आपलं जुनं रॉडचं मशीन चालू असलं की गुणगुणतं, तेवढाच घरात आवाज. भाकरी गॅसवर एकच करते. चूल मात्र मोडली नाही, फणासाठी ठेवलीय. तुम्ही सांडशीत लाल फण धरून स्वयंपाकघरात शिरताय, आई ओरडतेय, "चूल हाय का भट्टी तुमची?" आणि तुम्ही राख उकरता उकरता म्हणताय, "भाकरी करपंल तुझी, फण न्हाई करपायचा." भाकरी खाताना दाताखाली कचकच यायची. ती सुद्धा आठवते आता.

तो दिवस सांगते. तुम्ही पाटे आणायला दौंडला गेला होता, आई शेतात. वडगाव रासाईचे मामा, आपलं जुनं गिऱ्हाईक, सकाळपासून बाजेवर बसलेले. "झालं का गं? ट्रॅक्टर उभा हाय माझा." तुम्ही बजावलं होतं, उद्या सकाळपर्यंत हात लावू नको. मला त्यांचं ते बसणं बघवेना. दुपारी त्यांचा फण राखेतून काढला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र झालं. दिसायला अगदी झकास. दिला.

तिसऱ्या दिवशी मामांनी तुकडे तुमच्यापुढं आदळले. चार माणसं उभी होती. "आप्पा, आंधळं झालात का? जोडावरच तुटलाय!" तुम्ही तुकडा उचलला, तुटल्या जागी बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणालात, "व्हय मामा, नजर ऱ्हायली न्हाई." दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात दिलात आणि खुर्ची शेडच्या बाहेर टाकून रस्त्याकडं तोंड करून बसलात. तीन वर्षं, जाईपर्यंत. एकदाही मागं वळून माझं काम बघितलं नाहीत.

काल मामा पुन्हा आले. म्हातारे झालेत. कल्टिव्हेटरचे नऊ फण टाकून गेले. "गॅसबिस नको गं, रॉडनंच कर, आप्पा करायचे तसं." आणि जाता जाता, "शेवटी शेवटी दिसत न्हवतं आप्पास्नी, न्हाईतर त्यांचं वेल्डिंग कवा तुटलं?" मी फण मोजायला घेतले. गप्प बसणारी बाई नाही मी.

आप्पा, त्या तीन वर्षांत आईच्या सुईत दोरा तुम्हीच ओवून देत होता. दारात बसून, एका झटक्यात. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण बोलले असते तर होल्डर परत द्यावा लागला असता, आणि मला तो हवा होता.

कागद रॉडच्या रिकाम्या पुड्यात घालून ठेवते, दुसरीकडं टाकू कुठं? फण रॉडनंच जोडलेत, आठ झाले. लाईट आली की नववा जोडून राखेत जाईल. मंगळवारी मामा न्यायला येतील. त्यांना बादलीचं सांगू, की तुम्ही बोललात तेच खरं राहू दे? सोमवारी सकाळी मी राख उकरणार, त्याच्या आत सांगा. आणि या वेळी "म्हंजी म्हंजी" नको.