अंधार अंधारच राहिला

झरी, पौर्णिमा, रात्री

आत्या उद्या मुलाकडे पुण्याला जाणार, कायमची. गावच्या विहारात इतकी वर्षं वंदना तिनंच घेतली, म्हणून आजची तरी नीट टिपायची होती. पण माझा छोटा कॅमेरा उजेड स्वतःच ठरवायचा. अंधार दिसला की सगळं करडं करायचा, ज्योत पेटली की आत्याचा चेहरा काळा. डायलवरचा ‘एम’, म्हणजे सगळं हातानं ठरवायचा मॅन्युअल मोड, फोटोपुरताच. व्हिडिओचं मॅन्युअल मेनूत वेगळं निवडावं लागतं, हे मला आज कळलं! शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, उजेड किती घ्यायचा ते सगळं मीच ठरवून टाकलं.

"लय अंधार हाय गं, काय दिसंल?" आत्या म्हणाली.

"असू दे आत्या, तू लाव."

तिनं पहिली मेणबत्ती लावली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फक्त बोटं. दुसरी लावली, हनुवटी दिसली. मग एकेक सुरकुती अंधारातून वर आली. असं कधी पाहिलं होतं का मी तिला? नुसत्या डोळ्यांनी तरी?

वंदना झाली, लोक गेले. रेकॉर्डिंग थांबवायचं मी विसरलेच. आत्या मेणबत्त्या विझवत गेली, तसा पडदा काळा होत गेला. कॅमेऱ्यानं काहीच उजळवलं नाही. शेवटी त्या काळोखात नुसता तिचा आवाज आहे, "चल पोरी, दार लावून घे."