पोलादपंखाचं शेवटचं मरण

प्रिय ठमे,

फोन केला असता, पण फोनवर तू कायम वॉर्डाबाहेरच्या जिन्यात उभी असतेस आणि मी काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून नेते. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. आधी ताजी बातमी देते. तुझ्या आईने ऑफिसात भरल्या बैठकीत पोलादपंखाला ठार मारायचं सुचवलं, आणि विशेष म्हणजे तिची नोकरी अजून शाबूत आहे.

याची सुरुवात तू केलीस, तुला आठवतही नसेल. मागच्या वेळी आलीस तेव्हा हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून, तिथेच अंघोळ उरकून थेट आली होतीस, ओल्या केसांनीच सोफ्यावर आडवी झालीस. मी कांदा चिरत होते. टीव्हीवर आमचाच एक सिनेमा लागला होता. पोलादपंख मनोऱ्यावरून कोसळलेला, पंख मोडलेले, सगळं शहर धाय मोकलून रडतंय. तू म्हणालीस, "आई, एवढं काय रडवताय लोकांना? येईलच की तो पुढच्या सिनेमात परत." मग जरा थांबून, टीव्हीकडे बघतच, "आमच्याकडे कुणी येत नाही गं परत." आणि लगेच तुला भूक लागली. आपण जेवलो, तू ताटावरच पेंगायला लागलीस. तू निघून गेल्यावर मात्र ते वाक्य घरातून हलेना.

तुला आमच्या कारखान्याची स्थिती ठाऊक आहेच. वीसेक सिनेमे, त्यांना फुटलेल्या मालिका, मालिकांना फुटलेले फाटे. पोलादपंखाला एक जुळा निघाला, मग दुसऱ्या विश्वातला तिसरा निघाला, तो खलनायक होता, नंतर तोही सुधारला. एका सिनेमात काळच उलटा फिरवला आम्ही, तेव्हा संकलक बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यातला खरा कुठला ते मला तरी सांगून ठेवा हो." मला सांगता आलं नव्हतं. मी कथाविभागाची प्रमुख!

तर ती बैठक होती पुढच्या दहा वर्षांची. मागचे दोन सिनेमे पडले, म्हणून निर्मात्यांनी आणखी मोठा बेत आखला होता. भिंतभर तक्ता, त्यावर रंगीत रेघा, जागोजागी बाण. पोलादपंख पुन्हा मरणार, आणि दुसऱ्या विश्वातून त्याची तरुण आवृत्ती येणार, कारण आपल्या नटाचे गुडघे आता उडी घेऊ देत नाहीत. तो बिचारा समोरच बसला होता, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून. निर्माते बाण समजावत होते आणि मला तुझे ओले केस दिसत होते. मी हात वर केला. म्हटलं, याला एकदाच मरू द्या. मनोऱ्यावरून नको, कुणाशी लढताना नको. म्हातारा होऊन, आजारी पडून, पलंगावर. आणि परत आणायचा नाही. त्याची मानलेली लेक आहे ना, ठिणगी, तिच्यापासून पुढे चालू. छोटे सिनेमे करू, एकेक गोष्ट स्वतःच्या पायावर उभी असलेली. मागचं काहीच न पाहिलेल्या माणसालाही आत शिरता यावं अशी.

निर्माते म्हणाले, "म्हणजे दुकान बंद करायचं म्हणता?" मी म्हटलं, "नाही, दुकानात एवढा माल भरलाय की गिऱ्हाइकाला आत पाय ठेवायला जागा नाही. थोडा आवरू." कुणीतरी हसलं. निर्माते हसले नाहीत. तेवढ्यात आपला नट पिशवी सावरत म्हणाला, "साहेब, मी किती वेळा मेलो ते आता मलाच सांगता येत नाही. एकदा नीट मरू द्या हो मला." एवढा मोठा नट, पण मुलाने शाळेतून लवकर घरी सोडायला सांगावं तसं म्हणाला. निर्मात्यांनी तक्त्याकडे पाठ केली आणि मला म्हणाले, "आधी तो मरणाचा प्रसंग लिहून आणा. वाचून मला बोलायला सुचलं नाही, तर बाकीचं तुमच्या मनासारखं करू."

घरी येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. तुझे बाबा असते तर त्यांनी त्या तक्त्याची कशी टर उडवली असती! पहिल्या सिनेमाच्या वेळी माझी पटकथा वाचून त्यांनी काय विचारलं होतं, सांगितलंय का तुला? "हा उडतो ते ठीक आहे, पण पंख घालून खुर्चीत बसतो कसा?" त्यामुळे पोलादपंखाचे पंख मिटायला लागले. आज जगभरची पोरं ते मिटणारे पंख खेळण्यात घेतात, त्यामागे तुझ्या बाबांची खुर्चीची काळजी आहे.

आणि एक गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नाही, ती तुला सांगते. पोलादपंख पहिल्यांदा मेला तेव्हा खरं म्हणजे तो मेलेलाच राहणार होता. तसं ठरलं होतं, मीच ठरवलं होतं. तो सिनेमा लागला आणि त्याच हिवाळ्यात बाबा गेले. महिन्याभराने कामावर रुजू झाले, कोऱ्या पानासमोर बसले, आणि पहिलंच वाक्य उमटलं की दार उघडतं आणि तो आत येतो. थकलेला, धुळीने माखलेला, पण हसत. विभागातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, निर्मात्यांना वाटलं केवढी धंद्याची अक्कल आहे या बाईला! थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहिले. त्यानंतर आमच्याकडे कुणीच मेलं नाही. मरायचे, आणि मी दार उघडायची. त्याची खंत नाही मला. त्या दाराने मला कामावर उभं ठेवलं, तुझं शिक्षण पार पाडलं, कितीतरी घरांत आनंद नेला. त्या लोखंडी पठ्ठ्याचे माझ्यावर उपकारच आहेत. फक्त आता मला ते दार मिटायला जमेल असं वाटायला लागलं, ते तुझ्यामुळे. तू रोज ते मिटताना बघतेस, त्यानंतर हात धुतेस, घरी येतेस, जेवतेस आणि पुन्हा जातेस. माझ्या कुठल्याही पात्राला एवढं बळ मी दिलेलं नाही, आणि तुला ते कुठून आलं हेही मला माहीत नाही.

तर मी प्रसंग लिहायला बसले. ठिणगीचे पुढचे तीन सिनेमे भराभर सुचले, इतके सोपे, इतके हलके की वाटलं ही पोरगी इतकी वर्षं माझ्या हातात होती आणि मी तिला नुसती बचावाला हाका मारायला लावत होते. पण तो एक प्रसंग काही होईना. पहिला खर्डा नटाला वाचायला दिला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फार मायेने म्हणाला, "बाई, हा मरत नाहीये, भाषण करतोय." दुसऱ्या खर्ड्यात पोलादपंख एक शब्द बोलला नाही, तर तो झोपल्यासारखा वाटायला लागला. तिसरा मीच फाडला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की मी सिनेमात एवढी माणसं मारली, पण माणूस जातो कसा ते मी पाहिलेलंच नाही.

बाबा गेले त्या सकाळी हॉस्पिटलात त्यांनीच मला खाली पाठवलं होतं, चहा आण म्हणून. डॉक्टरांनी त्यांना चहा बंद केलेला, तरी म्हणाले, नुसता वास घेईन. कँटीनमध्ये रांग होती. वर आले तेव्हा तू त्यांच्या पलंगाच्या कडेला बसली होतीस, त्यांचा हात तुझ्या दोन्ही हातांत. माझ्याकडे बघून तू फक्त "आई, बस" म्हणालीस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होतीस तू. मी बसले, आणि त्यानंतर आपण दोघींनी त्या वेळाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला विचारायचा धीर नव्हता आणि तुला वाटलं असेल, आईला ऐकवणार नाही. पण ठमे, ते एकटे नव्हते. या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं सुखाने झोपले आहे, आणि तुला साधं थँक्यू म्हटलेलं नाही. ते आज म्हणते. तू होतीस म्हणून माझा माणूस कुणाचा तरी हात धरून गेला. आता मला ऐकायचंय. ते काय बोलले, बोलले का, श्वास कसा होता, खिडकीकडे बघत होते की तुझ्याकडे, त्यांनी माझी वाट बघितली का. सिनेमासाठी नाही विचारत. सिनेमात मी बंद दाराबाहेर बसलेली पोलादपंखाची बायको दाखवीन, तेवढं मला नीट लिहिता येतं, आणि आतलं तुझं तुझ्यापाशी राहील. मला माझ्यासाठी हवंय. रविवारी तुला सुट्टी आहे ना? मी येते. तू सावकाश सांग, मध्येच थांबावंसं वाटलं तर थांब. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच, जरा उशिराने धीट झालेली,
आई