काठाशी जोडीनं ठेवलेल्या चपला

कामिनीचे पप्पा,

मी धुळ्याला, तिच्या सासरी निघाले. जावयांबरोबरच्या या सहलीत समुद्रावर घालायला तिला हलक्या रबरी चपला घेऊन दिल्या होत्या ना, तुम्ही ज्यांना 'खेळणं' म्हणालात, त्यांचा फोटो तिनं सकाळी पाठवला. नुसत्या चपला, लाटांच्या काठाशी, जोडीनं ठेवलेल्या. खाली एक अक्षर नाही. तेव्हापासून तिचाही फोन बंद आणि जावयांचाही.

हसाल तर हसा. पण आपली पोरगी एक चप्पल दारात न् दुसरी न्हाणीपाशी भिरकावणारी. ती जोडी कधीपासून लावायला लागली? आपल्याकडे विहिरीच्या काठावर अशा चपला दिसल्या, की लोक आधी आत वाकून बघतात.

त्यांचं हॉटेल विहीणबाईंना माहीत असेल. फोनवर त्या 'मजेत आहेत' म्हणतील. तोंड बघितल्याशिवाय मला खरं कळायचं नाही.

कळण्याची भाकरी टोपल्यात आहे. फोन चार्जिंगला लावा आणि त्याच्यापाशीच बसा. तिचा आला तर रागवू नका. दिवाळीत ती 'अजून राहू का?' म्हणाली, तेव्हा तुम्ही बसचं तिकीट काढून आणलंत. आज तिनं विचारायच्या आत 'ये' म्हणा.

मंदा