साध्या पाण्याची टाकी

६ ऑक्टोबर
पोचले एकदाची! निघताना बापू अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, पोरीला नोकरी लागली अन् तीही जिल्ह्यातच. शिरड शहापूरहून एसटीने, पुढे जीपने साखऱ्याच्या अलीकडच्या तांड्यावर. कंपनीने तांड्याच्या कडेला दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. पुढच्या खोलीत काचेच्या टाक्या, मागच्या खोलीत मी. खिडकीबाहेर तुरीचं शेत. दारासमोरच हापसा, सगळा तांडा पाणी इथूनच नेतो, त्यामुळे सकाळी माझ्या अंगणात जत्रा भरते.

काम मनासारखं आहे. कापडात पाणी मुरू नये म्हणून कंपनी एक रसायन वापरते. ते ओढ्यात गेलं तर माशांच्या अंगात साठत जातं की निघून जातं, एवढंच शोधायचं. एका टाकीत कंपनीने पाठवलेलं शुद्ध पाणी आणि त्यात रसायनाचे थेंब, दुसरीत नुसतं हापशाचं पाणी, तुलनेसाठी. दोन्हींत गप्पी मासे, डासांसाठी हौदात सोडतात तेच. अधूनमधून काही मासे तपासायला पुण्याला पाठवायचे.

टाक्या धुवायला आणि माझ्या स्वयंपाकाला मिराबाई येतात. मी मावशी म्हणते, त्या मला ताई. आज ज्वारीची भाकरी आणि असा ठेचा दिला की डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतला.

१५ ऑक्टोबर
मिराबाईंची सून दिपा आता रोज येते. सातवा महिना आहे तिला. पाय सुजतात म्हणून सासू काम करू देत नाही, मग ती टाकीसमोर बसून मासे बघते. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना. एका फुगलेल्या मादीकडे बोट दाखवून म्हणाली, “ताई, माज्यावानीच झालीय की ही!” आम्ही खूप हसलो.

दुपारी विजयकुमार सर येऊन गेले. ते कंपनीतर्फे हे काम बघतात. मिराबाईंनी चहा केला होता. पित्त आहे म्हणून घेतला नाही, गाडीतल्या बाटलीचं पाणी प्यायले.

२ नोव्हेंबर
पुण्याचे पहिले आकडे आले. रसायनाच्या टाकीतल्या माशांत ते साठलंय, हे अपेक्षितच होतं. पण साध्या पाण्याच्या टाकीतल्या माशांत त्याच्या कितीतरी पट जास्त! माझ्याच हातून डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. स्वतःवर हसले आणि पुन्हा मासे पाठवले, या वेळी दोनदोनदा बघून.

१३ नोव्हेंबर
अदलाबदल नव्हती. हापशाचं पाणीही पाठवलं होतं. त्यातच आहे ते.

मिराबाईंचा मुलगा, दिपाचा नवरा ओमप्रकाश याला विचारलं. तो सहज सांगत होता की टेकडीमागच्या जुन्या खदानीत टँकर येऊन काहीतरी ओतून जायचे, बरीच वर्षं. फेस यायचा. लेकरं खेळायची त्या फेसात.

सरांना फोन केला. ते दचकले नाहीत. साध्या टाकीचे आकडे अहवालात घालू नका म्हणाले. मी तांड्याचं विचारलं, तर शांतपणे म्हणाले की आपल्याला माशांचं विचारलंय, माणसांचं नाही.

मला त्यांचा न घेतलेला चहा आठवला.

२० नोव्हेंबर
तांड्यावर सगळ्यांना सांगितलं, हे पाणी पिऊ नका. त्यांनी ऐकून घेतलं आणि घागरी भरून नेल्या. तहसीलला दोनदा फोन केला. अर्ज द्या, टँकरचं बघू म्हणाले.

सेनगावहून पाण्याचे जार आणवते आहे. साध्या टाकीतले मासे तिसऱ्या टाकीत, जारच्या पाण्यात सोडले. स्वच्छ पाण्यात अंगातलं रसायन हळूहळू उतरायला हवं. पण मासे खात नाहीत, पोहत नाहीत. सगळे एकाच काचेला तोंड लावून आहेत, शेजारच्या टाकीच्या बाजूला, जिच्यात अजून हापशाचं पाणी आहे. टाकी फिरवून ठेवली. ते पुन्हा त्याच बाजूला जाऊन चिकटले.

दिपालाही जार दिला. तिला ते पाणी पोटात ठरत नाही. मिराबाई म्हणाल्या, “वकून राहिली ओ ताई. काहून जबरदस्ती करता?”

२९ नोव्हेंबर
फुगलेली मादी आठवड्यापूर्वी व्याली. तिला आणि काही पिल्लांना पुण्याला पाठवलं होतं, आज आकडे आले.

आईच्या अंगातलं जवळजवळ सगळं उतरलंय. गेलं कुठे, तर पिल्लांत. पिल्लांच्या आकड्यातली शून्यं मी बोट ठेवून मोजली. इथे राहिलेली पिल्लं तळाशी पडून आहेत. मेलेली नाहीत. डोळे फिरतात त्यांचे.

दिपाला काय सांगू? मिराबाईंना धीर करून थोडं सांगितलं. त्यांनी ताट पुसून ठेवलं. मग म्हणाल्या की पहिल्या दोन्ही येळंला असंच झालं होतं. बाळंत झाली की दिपा कशी टवटवीत व्हायची, तोंडावर तेज यायचं. लेकरं तेवढी न्हाई राहिली.

पहिल्या दोन्ही वेळेला. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

७ डिसेंबर
हापशाचा दांडा परवाच काढून खाटेखाली ठेवला. दुसरा उपाय उरला नाही. तहसीलचा पाण्याचा टँकर आला, हौद भरून गेला. कुणी हात लावला नाही त्या पाण्याला.

भर दुपारी सगळा तांडा हापशाभोवती येऊन बसला. कुणी भांडलं नाही. नुसते बसले, ओठ फुटलेले, नजर हापशाच्या तोंडावर. म्हातारे भावसिंगबाबा उठले आणि त्यांनी ते लोखंडी तोंड जिभेने चाटलं. त्यांना कुणी हसलं नाही. मीही नाही.

कारण मला वाटलं होतं — त्यांच्या जागी आपण असतो तर —

९ डिसेंबर
मीसुद्धा दीड महिना तेच पाणी प्यायले. जारचं पाणी आता राखेसारखं लागतं. घोट घशाखाली जात नाही. जीभ जड झालीय.

आईचा फोन आला. आवाज कसा येऊन राहिला तुझा, म्हणाली. घरी ये. ये म्हणाली. येते म्हणाले.

जीप आली होती. चढले नाही.

१२ डिसेंबर
दिपा बाळंत झाली. मुलगी. रडली नाही. डोळे सताड उघडे.

नर्सबाई हिंगोलीला न्या म्हणाल्या. ओमप्रकाश जीप आणायला गेला. आला नाही अजून. मुलगी दूध ओढत नाही, नुसती पडून —

दिपा उठून बसली. केस विंचरले. पायाची सूज गेली. किती सुंदर दिसते आहे. म्हणते, “लई हलकं वाटून राहिलं, ताई.” आणि हसली.

१३ डिसेंबर, सकाळ
मिराबाई दारात. नातीला पदरात धरून. “दांडा द्या ताई. लेकराच्या ओठाला तेवढं पानी लावते. जातंच हाय ते. तहानलेलं नका धाडू.”

मी नाही म्हणाले. म्हणाले ना? नाही म्हणाले मी.

मागे सगळे उभे आहेत.

थोड्या वेळाने
दांडा बसवला. मीच. मुलीसाठी — फक्त तिच्यासाठी, एक थेंब, मग काढून टाकणार —

हापसते आहे. एका हाताने लिहिते. खालून पाणी वर येताना आवाज येतो आणि मुलीने पहिल्यांदाच मान वळवली. दिपा तिला पुढे धरते आहे. सगळे वाट सोडून उभे, आधी लेकरू, आधी लेकरू म्हणतात —

आलं पाणी. मुलगी तोंड उघडून — मी तिला बाजूला सारलं. मी ओंजळ —