पोस्टरची दृष्ट

हिंजवडी, गुरुवार, १२ जानेवारी २००६

ऑफिसातून आलो तर खोलीत मीठ-मोहऱ्या जाळल्याचा वास! घरमालकीण काकू माझ्या ब्लॅक मेटल बँडच्या पोस्टरसमोर उभ्या. वाटलं, आता खोली सोडायला सांगणार. घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. या कर्कश रॉक संगीतात सैतान आणि वेग एका इंग्लिश बँडनं आणले, पुढे नॉर्वेच्या पोरांनी ते उचललं. चर्चवरचा राग, रंगवलेली तोंडं, रेकॉर्डिंगमध्ये मुद्दाम ठेवलेली खरखर, सगळं लोकांनी घाबरावं म्हणून.

काकू म्हणाल्या, "लई जीव तोडून वरडत्यात रं. कुणाची तरी नजर लागलीय पोरांना. म्या उतरवून टाकली."

वास अजून जात नाहीये. नेहमीसारखं त्यांचं गाणं लावलं, पण भिंतीवरचा तो भेसूर गायक आता काकूंचा भाचाच वाटतोय. झाली का पंचाईत!