दौडीनंतरची तपासणी

आबा,

काल आपल्या घोड्यांच्या स्पर्धेची बैठक झाली. तुम्ही बसायचात त्या जागी आता मी बसतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी कुणी नियमातून पळवाट काढू लागलं की जुनी माणसं अजून म्हणतात, "आबा असते तर?" मला त्याचा राग येत नाही. आबा असते तर काय केलं असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी ते स्वतः भोगलंय.

मी तेव्हा धरणगावला जिनिंगमध्ये नोकरीला होतो आणि स्पर्धेसाठी आठ दिवसांची सुट्टी काढून आलो होतो. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन खेळ. पहिल्या दिवशी चाल, दुसऱ्या दिवशी सकाळी रानातली दौड, नाला, बांध, काट्यांची कुपाटी ओलांडत, आणि दुपारी मैदानावर उड्या. दौड आणि उड्या यांच्यामध्ये तुमची तपासणी. सारा जन्म जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधण्यात गेला, म्हणून कमिटीनं ते काम तुमच्याकडे दिलेलं. आपली लाल घोडी चालीत पहिली आली होती, दौडीतही पहिली. उड्या तेवढ्या राहिल्या होत्या. तुम्ही येता, वाकता, एकेक पाय दाबून बघता. पुढच्या उजव्या पायावर तुमचा हात थांबतो. मला तिला पंधरा पावलं चालवायला लावता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "घोडीना पाय तापेल शे. ही उडी मारनार नही."

पाणी मारलं की उतरेल, मी म्हणालो. लोक बघत होते. तुम्ही आवाज चढवला नाही.

"तू मना पोऱ्या शे म्हनीसन सोडी देऊ का? नियम बठ्ठासले एकच शे."

त्या दिवशी चुलीपुढे आईनं कळण्याची भाकरी वाढली आणि मी ताट सरकवलं. एक दिवस डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं, असं आईनं तुम्हाला विचारलं. तुम्ही जेवलात, हात धुतले आणि घोडीच्या पायाला लेप लावायला गेलात. दुसऱ्या दिवशी तिला तो पाय टेकवेना. उडी मारली असती तर ती माझ्यासकट कोसळली असती, हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी तुमच्याशी न बोलता धरणगावला निघून गेलो आणि दोन महिने घरी फिरकलो नाही. नंतर आलो, तरी तुमच्याशी बोलणं बंदच होतं.

पुढच्या वर्षीच्या बैठकीला मी होतो, कोपऱ्यात. धुळ्याकडचे एक बागायतदार शहरात घोडेस्वारी शिकून आलेले. त्यांनी मांडलं की सुरक्षेसाठी प्रत्येकाला विलायती खोगीर, उंच बूट आणि डोकं वाचवणारी कडक टोपी सक्तीची करावी. ऐकायला ते इतकं शहाणपणाचं वाटत होतं की कुणी विरोध करेना. पण स्वारांतले निम्म्याहून जास्त टांगेवाले, नाहीतर घोंगडीची घडी टाकून बसणारे शेतकरी. ते सगळे एका ठरावात बाहेर जाणार होते. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत आणि विचारलंत, "घोंगडीवर बसनारा पडस, आनि खोगीरवर बसनारा पडत नही का?" लोक हसले. मग तुम्ही त्या बागायतदारांकडेच वळलात. "पन टोपीनं तुमनं खरं शे, भाऊ. डोकं बठ्ठासनं सारखंच फुटस."

तेव्हा ठरलं: हेल्मेट सक्तीचं, पण ते कमिटीनं द्यायचं, खोगीर ज्याचं त्याचं. धुळ्याहून स्कूटरची सहा हेल्मेटं आली. सहाच असल्यामुळे सगळे घोडे एकदम सोडता येईनात, परत आलेल्याचं हेल्मेट पुढच्याला देत एकामागून एक सोडावे लागले. घोडं एकटं पळतं, त्यात मजा काय, म्हणून लोकांनी कुरकुर केली. पण नाल्याच्या उतारावर दर वर्षी होणारी रेटारेटी आपोआप संपली. मला आता वाटतं, तुम्हाला पहिल्यापासून तेच हवं होतं. विचारायचं राहून गेलं.

त्याच वर्षी नरडाण्याचा टांगेवाला कुपाटीवरून डोक्यावर आपटला. हेल्मेट कानापासून वर टाळूपर्यंत तडकलं. तो उठून बसला आणि आधी घोडीला कुठं लागलं का ते विचारलं. त्याच्या पाठीवर पहिली थाप मारली ती बागायतदारांनी. स्कूटरवाले म्हणून स्वारांना हसणारी माणसं त्या दिवशी गप्प झाली. मीही तुमच्याशी त्याच दिवशी पुन्हा बोललो, एवढंच म्हणालो, "आबा, चहा लेतस का?" तुम्ही घेतलात.

तुमच्या मागं तपासणीचं काम माझ्याकडे आलं आणि मी एक नियम वाढवला. दौडीत ठरलेल्या वेळेच्या आधी पोचलं, तरी गुण कापायचे. चाबकानं फोडून आणलेली घोडी बघवत नव्हती. "मग ही शर्यत कसली?" असं काल एकानं पुन्हा विचारलं. जो घोडा धडधाकट परत आणतो तो जिंकतो, त्याची ही शर्यत, मी म्हणालो. मतं घ्यायची वेळसुद्धा आली नाही. हे मला जमतं, आबा. बैठकीत माझा शब्द खाली पडत नाही.

यंदा माझी थोरली पोरगी उतरतेय. सोळा वर्षांची आहे, बसते माझ्यापेक्षा चांगली. काल मीच एक नवा नियम मांडला की पंचानं आपल्या घरच्या घोड्याची तपासणी करायची नाही, दुसऱ्यानं करायची. सगळ्यांनी वाहवा केली. पंच असावा तर असा, म्हणाले. मी ती वाहवा घेतली आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. नियम चांगला आहे, तो राहील. पण मी तो निःपक्षपातीपणासाठी केला नाही. पोरगी समोर उभी असताना घोडीचा पाय गरम लागला, तर मी हात तिथं ठेवीन की काढून घेईन, हे मला माहीत नाही.